नागपूरजवळ स्कूबा डायव्हिंगसाठी चांगली जागा कोणती?

जवळ म्हणाल तर कुठेच नाही. खिंडसीत बोटिंग होतं, तोतलाडोह व्याघ्र प्रकल्पात आहे. आपल्याकडच्या धरणांचं पाणी गढूळ, तळाला बुडालेली झाडं नि मासेमारीची जाळी. समुद्रच गाठावा लागेल. विशाखापट्टणम धरा की मुंबई, सात-आठशे किलोमीटर आहेच. मी मालवणला जाते. पण त्याआधीचं काम नागपुरातच करायचं असतं, आणि त्यावरून माझं नि दादाचं अजून पटत नाही.

दादा काटोलकडच्या विहिरींत पोहायला शिकला. तळाशी पडलेली बादली एका बुडीत काढणारा माणूस. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होडीतल्या मुलानं जेमतेम पाच मिनिटं समजावलं, त्यातही याचं लक्ष नव्हतं. "पोहता येते नं मले, मंग?" दोन पुरुष खोल गेला असेल, कानाकडे बोट दाखवायला लागला. वर आणला तेव्हा मास्कमध्ये नाकाखाली रक्त साचलेलं, पाण्यात मिसळून गुलाबी झालेलं. त्याची पोरगी होडीत हमसून रडत होती. डॉक्टरांनी कानाच्या पडद्याला सूज आहे म्हणून सांगितलं.

तेव्हापासून त्याचं एकच, आपण कोरड्या मुलखातले, समुद्र आपल्या कामाचा नाही. साफ चूक. विहिरीत कान दुखला तरी माणूस अर्ध्या मिनिटात वर येतो. इथे खालीच राहायचं असतं. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, आणि कानाला खरा त्रास पहिल्या काही मीटरांतच होतो. म्हणून दुखायच्या आधीपासून, उतरता उतरता नाक दाबून हलकेच हवा कानाकडे लोटायची. आणि विहिरीतली श्वास रोखायची सवय तर इथे जिवावर बेतते. खाली घेतलेली हवा वर येताना फुगते, श्वास कोंडला तर फुप्फुस फाटू शकतं. पट्टीच्या पोहणाऱ्याला हे आधी विसरावं लागतं. शिकवायला पाच मिनिटं देणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो.

मी दोन महिने रोज सकाळी स्विमिंग पूलवर गेले, मग तारकर्लीला रीतसर कोर्स केला. एमटीडीसीची स्कूबा शिकवणारी संस्था तिथे आहे. ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा पहिल्या पायरीचा कोर्स, झाला की १८ मीटरपर्यंत जाता येतं. मीही त्याच कोरड्या मुलखातली, त्याच घरातली.

हो, पावसाळ्यात मालवणला डायव्हिंग बंद असतं, ऑक्टोबरनंतर जा. पाणी अंदमानइतकं नितळ मिळेल ही अपेक्षा नको. सर्दी असेल तर उतरूच नका. दमा किंवा कानाचं ऑपरेशन झालेलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तासांनी ठेवा. दादाची मुलगी आता पूलवर येते माझ्यासोबत. त्याला ते माहीत आहे, अजून नाही म्हणालेला नाही.