मुलाला विशेष शाळेतून साध्या हायस्कुलात घालायचंय, पण मुख्याध्यापक म्हणतात 'आमच्याकडे सोय नाही'. काय करू?

ताई, तुमच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम होणारी स्थिती) आहे, आठवीपर्यंत तो विशेष शाळेत होता आणि आता डिचोलीत नववीला घालायचाय, असं तुम्ही लिहिलंय. अवश्य घाला. माझी लेक याच वाटेने गेली, फोंड्याजवळच्या एका हायस्कुलात.

'सोय नाही' म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 च्या कलम 16 प्रमाणे अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, आणि सोयही शाळेनेच करायची. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नकारसुद्धा लेखी मागा. आम्ही तो मागितला आणि आठवड्याभरात प्रवेश झाला. तरी अडवलं तर राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे तक्रार करता येते.

आमच्याकडे नववीचा वर्ग माडीवर होता. एका बाईंनी सुचवलं, वर्गच खाली आणूया. पोरांनी एका दुपारीत बाकं उतरवली, पैसा लागला नाही. शौचालय मात्र आधी स्वतः बघून या. चिऱ्याच्या पायऱ्याही बघा. पावसात त्यांना शेवाळ धरतं आणि पायाला आधारासाठी बांधलेला कॅलिपर घसरतो.

खरी अवघड असते ती मधली सुट्टी. पहिला महिनाभर मी डबा भरवायला वर्गाबाहेर बसायचे. एक दिवस लेक म्हणाली, "आई, तू असलीस की माझ्याशेजारी कोणी बसत नाही." घरी येऊन रडले. दुसऱ्या दिवसापासून गेटवर थांबू लागले. पंधरा दिवसांत तिच्या डब्याचं झाकण शेजारची मुलगी उघडू लागली.

चतुर्थीच्या सुमारास शाळेत फुगडीच्या तालमी चालल्या होत्या. बाईंनी मायेनंच तिला खुर्चीवर बसवलं, "तू बघ हं." तेवढ्यात डबा उघडणाऱ्या त्याच मैत्रिणीने घुमट, म्हणजे आपलं मातीचं तालवाद्य, आणून तिच्या मांडीवर ठेवलं. डावा हात वळत नाही, तिने उजव्यानेच ताल धरला. कार्यक्रमालाही तीच वाजवायला बसली. हे आम्हा मोठ्यांपैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

म्हणून शाळेत बोलायला जाताना मुलाला बरोबर न्या. काय जमतं, कुठे मदत हवी, हे त्यालाच सांगू दे. चौदा वर्षांचा आहे तो. आणि दहावीच्या परीक्षेसाठी लेखनिक (उत्तरं लिहून देणारा), जादा वेळ, भाषेची सूट हवी असेल तर चौकशी नववीतच सुरू करा. दाखले जमवण्यात आमचे चार महिने गेले.