दोन मिनिटांच्या ओपीडीत काय विचारायचं?

प्रश्न : भावाला अकरा वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. सकाळपासून रांगेत बसतो, डॉक्टर दोन मिनिटं बघतात आणि जुन्याच गोळ्या पुढे लिहून देतात. हल्ली त्याचे हात थरथरतात, लाळ गळते, वजनही खूप वाढलंय. विचारलं की "चालू ठेवा" एवढंच. – एक बहीण, धनकवडी

उत्तर : ताई, एवढ्यावर समाधान मानू नका. थरथर, अंग ताठरणं, लाळ हे बहुतेक वेळा औषधांचे दुष्परिणाम असतात. मात्रा कमी केली किंवा औषध बदललं तर ते बरेचदा आटोक्यात येतात. वजन वाढलंय म्हणजे साखर आणि कोलेस्टेरॉल तपासायलाच हवं. मात्र गोळ्या आपल्या मनाने एकदम थांबवू नका, आजार उलटतो.

एक वही घाला. रोज एक ओळ : झोप किती, गोळी चुकली का, थरथर कशी, बडबड वाढली का. ओपीडीच्या आदल्या रात्री त्यातल्या तीन गोष्टी एका चिठ्ठीवर उतरवा आणि ती केसपेपरला टाचून द्या. गर्दीत बोललेलं विरून जातं. अशा चिठ्ठ्या वाचून मी स्वतः कितीदा औषध बदललंय.

दोन औषधं पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे घेऊनही भास थांबत नसतील तर क्लोझापीनबद्दल विचारा. लाळ आणि वजन त्यानेही वाढू शकतं, शिवाय पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. तरी इतर औषधांना दाद न देणाऱ्या आजारात त्याच्याइतकं परिणामकारक औषध दुसरं नाही.

आणखी एक. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार भाऊ साध्या कागदावर सही करून तुम्हाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो. मग उपचारांची माहिती मागताना "तुम्ही कोण?" हा प्रश्न उरत नाही.

प्रश्न : मुलगा गोळ्या घेत नाही, म्हणून चहातून देते. चुकतंय का? – आई, भोसरी

उत्तर : तुमची अगतिकता कळते. पण त्याला कळलं की तो तुमच्या हातचं जेवणही नाकारेल, आणि संशय हाच आजार असेल तर तो खरा ठरेल. महिन्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं मिळतात, त्याला ती चालतील का विचारून बघा. अंगावर धावून जात असेल, जिवाचं बरंवाईट करायचं म्हणत असेल किंवा खाणंपिणंच सुटलं असेल, तर त्याची तयारी नसतानाही प्रतिनिधीच्या अर्जावर, दोन तज्ज्ञांच्या स्वतंत्र तपासणीनंतर 30 दिवसांपर्यंत दाखल करता येतं. रात्री-अपरात्री काही सुचेना झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक लावा.

प्रश्न : मी 71 वर्षांचा, निवृत्त सरकारी नोकर. मुलीला मानसिक आजार आहे. आमच्यामागे तिचं काय? – कोथरूड

उत्तर : काका, आधी तिचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढा. 2016 च्या कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे. ती कमावू शकत नसेल तर तुम्हा दोघांनंतर कुटुंब निवृत्तिवेतन तिला आयुष्यभर मिळू शकतं. त्यासाठी तिचं नाव तुमच्या हयातीतच पेन्शनच्या कागदांत नोंदवून घ्या. आणि पुण्यातल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या स्वमदत गटात काकूंना घेऊन एकदा जाऊन या. तिथे हाच प्रश्न उराशी घेऊन आलेले आईबाप भेटतील.