भारतात अतिवृष्टी खरंच वाढली आहे का?

हो, वाढली आहे, पण देशभर सारखी नाही. सर्वात ठळक वाढ मध्य भारताच्या पट्ट्यात दिसते. पुण्याच्या आयआयटीएम (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) मधील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ दरम्यान तिथे दिवसाला १५० मिमीपेक्षा जास्त, मोठा प्रदेश झोडपणाऱ्या पावसाच्या घटना जवळपास तिपटीने वाढल्या. मोसमाचा एकूण पाऊस मात्र घटला, म्हणजे त्याच शेताला पावसाचा खंडही सोसायचा आणि पूरही, हे फार जीवघेणं आहे. अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पातले चढउतार वाढले, हे त्यांनी दिलेलं कारण. फक्त एका घटनेवरून कल ठरवू नका: २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला, तेव्हा कुलाब्याला जेमतेम ७४ होता.