मोटरचे ओहम आणि वॅट: हिशेब कुठे बसतो, कुठे फसतो

प्रश्न: बोअरमध्ये ५ एचपीची थ्री फेज पाणबुडी मोटर आहे. स्टार्टरवर ४०० व्होल्ट आणि ८ अँपिअर दिसतात. भागाकार केला तर रोध ५० ओहम येतो, पण मेकॅनिकने वायंडिंग (मोटरच्या आतली तारेची गुंडाळी) मोजले तेव्हा साडेतीन ओहमच भरले. गुणाकार केला तर ३२०० वॅट. ५ एचपी म्हणजे तर ३७३० वॅट. वायंडिंग जळत आले आहे का?

उत्तर: या आकड्यांवरून तरी तसे दिसत नाही. तुमचे गणित चुकलेले नाही, ते मोटरला लागू पडत नाही एवढेच.

व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे ओहम आणि व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, हा हिशेब हीटरला चोख बसतो. कोंबडीच्या पिलांना ऊब देणाऱ्या ब्रूडरचा हीटर २३० व्होल्टवर २ अँपिअर घेत असेल, तर रोध ११५ ओहम आणि शक्ती ४६० वॅट. व्होल्टेज १८४ वर उतरले की करंट १.६ अँपिअर होतो आणि शक्ती उरते जेमतेम २९४ वॅट. दाब (व्होल्टेज) पाचव्या हिश्शाने घटला, ऊब मात्र तिसऱ्या हिश्शाहून जास्त गेली! पिले गारठतात ती यामुळे.

मोटरचे तसे नाही. फिरती मोटर वायंडिंगमध्ये पुरवठ्याच्या विरुद्ध दाब तयार करते, तोच करंटला आवरतो. म्हणून तुमचे ५० ओहम हा तारेचा रोध नव्हे. तारेचा रोध मेकॅनिकने मोजला तो. तो मोजताना पुरवठा बंद करून मोटरच्या वायरी स्टार्टरमधून सोडवलेल्या हव्यात. तीन वायरींपैकी दोन-दोन घेऊन होणाऱ्या तिन्ही जोड्यांचे आकडे जवळपास सारखे आले पाहिजेत. एखादी जोडी वेगळी निघाली तर वायंडिंगवर किंवा केबलच्या जोडावर शंका घ्या. अर्थिंगला करंट गळतो का, हे मात्र साध्या मीटरवर कळत नाही, त्याला मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारे मीटर) लावावा लागतो.

आता वॅट. थ्री फेजला १.७३२ × व्होल्ट × अँपिअर × पॉवर फॅक्टर असा गुणाकार करा. पॉवर फॅक्टर म्हणजे व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारातला खरोखर कामी येणारा हिस्सा; तो मोटरच्या पाटीवर असतो, ०.८५ धरला तर सुमारे ४७०० वॅट येतात. पाटीवरचे ५ एचपी ही शाफ्टवर मिळणारी शक्ती असते. वरचे हजारभर वॅट मोटरच्या आतच उष्णता होऊन जातात. ५ तास चालवली तर साडेतेवीस युनिट.

माझ्या मते ओहमपेक्षा अँपिअरवर नजर ठेवा. व्होल्टेज पडले तरी पंपाला पाणी तेवढेच उचलायचे असते, त्यामुळे पूर्ण लोडवर चालणारी मोटर जास्त करंट ओढते. वायंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते: ८ चे १० अँपिअर झाले की दीडपटीहून जास्त. ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा स्टार्टरमधला भाग) पाटीवरच्या अँपिअरला लावा. वारंवार ट्रिप होतो म्हणून तो वाढवून ठेवणे म्हणजे मोटर जाळायची तयारीच.

केबलही तपासा. ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलचा रोध २०० मीटरला प्रत्येक तारेमागे सुमारे ०.९ ओहम असतो. ८ अँपिअरला फेज-फेजमधले साधारण १२ व्होल्ट वाटेतच जातात. अडीच चौरस मिलिमीटरची असेल तर जवळपास २०. त्यामुळे स्टार्टरवर ४०० दिसले तरी मोटरपर्यंत तेवढे पोचत नाहीत. क्लॅम्प मीटरमध्ये (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारे मीटर) एका वेळी एकच वायर घ्या आणि तिन्ही फेजचे अँपिअर मोटर पूर्ण लोडवर चालू असताना लिहून ठेवा.