रोज काहीतरी नवीन : दहाव्या दिवशी गाडी का अडते?

‘वर्षभरात तीनदा ठरवलं, महिनाभर रोज एक नवी गोष्ट करायची. तिन्ही वेळा दहा-बारा दिवसांत बारगळलं. माझ्यात चिकाटीच नाही असं आता वाटायला लागलंय.’

समुपदेशनाला येणाऱ्यांच्या तोंडी ही तक्रार या ना त्या रूपात सतत येते. इथली हकिगत कुणा एकाची नाही, अशा अनेकांच्या अनुभवांतून जुळवलेली आहे. गृहस्थ चाळिशीच्या अलीकडचे, हिशेबाचं काम करणारे, कामात चोख. येताना वही घेऊन आलेले, आणि खरं काय घडलं ते त्या वहीतच दिसलं.

पहिल्या आठवड्यात डाव्या हातानं दात घासणं, कामावर वेगळ्या रस्त्यानं जाणं, न कळणाऱ्या भाषेतलं गाणं ऐकणं. आठव्या दिवशी मातीकामाच्या वर्गाची चौकशी, नवव्या दिवशी पोहण्याच्या वर्गात नाव घातलं, दहाव्या दिवशी पहाटे चारला उठून टेकडी. अकराव्या दिवशी नुसती तारीख. बाराव्या दिवशी ‘सुचलं नाही’. पुढची पानं कोरी.

चिकाटीबद्दल काही बोलण्याआधी एक गोष्ट तपासावी लागते. नव्या गोष्टीचा ओढा एकाएकी आटला असेल, नेहमीच्या आवडीच्या गोष्टींतही रस उरला नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर प्रश्न या ‘रोज नवं’च्या आव्हानाचा नसून नैराश्याचा असू शकतो. नैराश्य चाचपण्याच्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा वर गेली तर तज्ज्ञाकडून नीट तपासून घ्यायचं. जीव नकोसा वाटण्याबद्दलच्या प्रश्नाला शून्य सोडून दुसरं कोणतंही उत्तर आलं, तर बेरीज न पाहता त्याच दिवशी त्यावर बोलायचं. या गृहस्थांची बेरीज ५ होती. झोप बरी, कामात लक्ष. म्हणजे बिघाड आव्हानाच्या आखणीत होता.

आखणीतली पहिली चूक जवळजवळ सगळेच करतात. ‘आधी जड जाईल, मग अंगवळणी पडेल’ असं धरून चालतात. अंगवळणी पडतं ते तेच ते केल्यानं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा ९६ जणांवरचा अभ्यास २०१० मध्ये छापून आला. प्रत्येकानं एकच छोटी कृती निवडून १२ आठवडे, रोज एकाच प्रसंगाला जोडून करायची होती. ती आपोआप व्हायला लागण्याचा हिशेब कुणाचा १८ दिवसांचा निघाला, तर कुणाचा २५४ दिवसांचा (१२ आठवड्यांपलीकडचे आकडे अंदाजानं पुढे काढलेले). मधला आकडा ६६. रोजची नवी गोष्ट मात्र रोज वेगळीच असते, तेव्हा तिचा भार कमी होत नाही. तिसाव्या दिवशीही पहिल्या दिवसाइतकाच जोर लागतो, आणि तोवर पहिल्या आठवड्याची हौस संपलेली असते. मग सवय कशाची लावायची? नवी गोष्ट उचलण्याच्या पद्धतीची. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, फक्त गोष्ट वेगळी.

दुसरी चूक वहीत दिसत नव्हती, विचारल्यावर कळली. रोजची गोष्ट ते रात्री साडेदहाला, जेवणंखाणं आटपल्यावर शोधायला बसत. दिवसभर आकडे तपासून थकलेलं डोकं त्या वेळी एक तर काहीच सुचवत नाही, नाहीतर अवाढव्य काहीतरी सुचवतं. करण्यापेक्षा ठरवण्यातच दम जात होता. त्यात ते रोजची नोंद मित्रांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकत. डावा हात आणि दात यावर कुणी दाद देईना, म्हणून गोष्टी फुगत गेल्या. पहाटेची टेकडी ही मित्रांसाठी होती, हे त्यांनी स्वतःच हसत कबूल केलं.

तिसरी चूक एका दिवसाच्या खाड्यावर सगळं सोडून देण्याची. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात अॅलन मार्लाट यांनी ही चाल फार बारकाईनं मांडली आहे : एकदा नियम मोडला की माणूस त्याचा दोष स्वतःच्या स्वभावावर घेतो, ‘आता मोडलंच आहे’ म्हणतो आणि उरलेलंही सोडतो. लॅली यांच्या अभ्यासात मात्र अधूनमधून एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात फारसा फरक पडलेला नव्हता.

मग केलं काय? पहिल्या आठवड्यात नवीन काहीही करायचं नाही, एवढंच सांगितलं. हे ऐकून ते जरा हिरमुसले. त्या आठवड्यात फक्त नोंद : दिवसातून चारदा, तेव्हा जे चाललं असेल त्यासमोर दोन आकडे, ‘मजा’ ० ते १० आणि ‘जमलं’ ० ते १०. नैराश्यावरच्या उपचारात मनोविकारतज्ज्ञ अॅरन बेक यांनी रुळवलेली ही जोडी निरोगी माणसालाही उपयोगी पडते, कारण दिवसाचा कोणता तुकडा खरोखर निर्जीव आहे ते कळतं. यांच्या बाबतीत तो संध्याकाळी कामावरून आल्यानंतरचा पाऊण तास निघाला. मजा १, जमलं २, हातात फोन. नवी गोष्ट तिथेच बसवायची ठरली.

मग एका सुटीच्या सकाळी चाळीस मिनिटं बसून नव्या गोष्टींच्या चिठ्ठ्या लिहून डब्यात टाकल्या. एकूण २८. पाच ते पंधरा मिनिटांच्या २०, अर्ध्या तासाच्या ६, तासाभराच्या दोनच. प्रत्येक चिठ्ठीवर करायची गोष्ट क्रियापदासह लिहायची. ‘चित्रकला’ असं लिहिलेली चिठ्ठी परत जाते. ‘समोरची खुर्ची कागदावरून पेन्सिल न उचलता काढणं’ ही चालते. सामान लागत असेल तर तेही चिठ्ठीवरच. पैसे गुंतवायचे, नोकरी किंवा नातं बदलायचं, नशा करून पाहायची किंवा जिवाला धोका असलेलं काही, अशा चिठ्ठ्या डब्यात जात नाहीत. ते निर्णय आहेत, रोजच्या खेळात घालण्याच्या गोष्टी नव्हेत.

चिठ्ठी आदल्या रात्री, फोन चार्जिंगला लावताना काढायची. नको वाटली तर एकदाच बदलायची. मग तिच्या मागे एक वाक्य : ‘घरी येऊन चपला काढल्या की लगेच मी अमुक करीन.’ अशा ‘जर-तर’ वाक्यांवर मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी १९९० च्या दशकापासून काम केलं आहे. वेळ आणि ठिकाण आधीच बांधलं की आयत्या वेळी स्वतःशी वाद घालावा लागत नाही. ‘सात वाजता’ यापेक्षा ‘चपला काढल्या की’ बरं, कारण घड्याळाकडे लक्ष जाईलच असं नाही, चपला मात्र काढाव्याच लागतात.

आठवड्याला पाच दिवस नवीन, एक दिवस आधीच्यातलं आवडलेलं पुन्हा, एक दिवस काही नाही. फारच थकल्याच्या दिवसासाठी प्रत्येक चिठ्ठीचं दोन मिनिटांचं रूप आधीच ठरवलेलं. खाडा पडला तर भरपाई करायची नाही. दुसऱ्या दिवशी दोन चिठ्ठ्या करायला गेलं की तिसऱ्या दिवशी हमखास दांडी पडते. गटावर नोंद टाकणं बंद.

दुसऱ्या आठवड्यात चिठ्ठ्या टेबलावर पसरून पाहिल्या. शरीर, हातकाम, इंद्रियं, माहिती, माणसं अशी वाटणी केली तर माणसांच्या गटात एकही नव्हती. २८ पैकी २८ गोष्टी एकट्यानं, कुणी बघत नसताना करायच्या! पहिल्या वहीतही तसंच होतं : मातीकामाची चौकशी फोनवरून केली होती आणि पोहण्याच्या वर्गात नाव घालून ते गेलेच नव्हते. ‘रोज तेच ते’ ही तक्रार घेऊन आलेल्यांत हे बरेचदा सापडतं. कंटाळा वरवरचा, खाली असते ती चारचौघांत अडाणी दिसण्याची भीती. नवशिका माणूस चुकतच शिकतो, आणि कामात चोख म्हणून ओळखल्या जाणाऱ्याला लोकांसमोर चुकणं फार महाग वाटतं.

तेव्हा सहा चिठ्ठ्या बदलल्या आणि त्यांची उतरंड लावली. भीती आकड्यात सांगायची मनोविकारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांची ० ते १०० ची मोजपट्टी आहे. रोजच्या वापराला ० ते १० पुरते. शेजारच्या विभागातल्या, नाव माहीत नसलेल्या माणसाला नाव विचारणं : ३. बैठकीत ‘हे मला कळलं नाही, परत सांगाल का’ म्हणणं : ५. आपल्याहून बऱ्याच लहान सहकाऱ्याकडून एखादी गोष्ट शिकणं : ६. पोहण्याच्या वर्गाला प्रत्यक्ष जाणं : ८. सुरुवात ३-४ पासून, दोनदा केल्यावर आकडा निम्म्यावर आला की वरची पायरी.

इथे कागदावर दोन रकाने महत्त्वाचे. करण्याआधी : काय होईल असं वाटतं, नेमक्या शब्दांत, आणि भीती किती. केल्यावर : काय झालं, आणि शेवटी भीती किती उरली. बैठकीतल्या प्रश्नाआधी त्यांनी लिहिलं होतं, ‘सगळे माझ्याकडे बघतील, साहेब म्हणतील एवढंही कळत नाही.’ भीती ७, म्हणजे धरल्यापेक्षा जास्तच. झालं ते असं : साहेबांनी परत सांगितलं, आणखी एकानं त्यातच दुसरी शंका काढली, बैठक पुढे गेली. शेवटी भीती २. नुसतं ‘बरं गेलं’ लिहिलं असतं तर मनानं ते योगायोगाच्या खात्यात टाकलं असतं. आधी लिहिलेलं भाकीत समोर असलं की तसं करता येत नाही.

या टप्प्यावर दोन ठिकाणी बिघडतं. भीती ऐन वर असताना माणूस तिथून निघून जातो. सुटका झाली म्हणून बरं वाटतं आणि पुढच्या वेळी भीती आणखी वाढते. आकडा थोडा तरी उतरेपर्यंत थांबायचं. दुसरं म्हणजे आधाराच्या काठ्या : फोनमध्ये डोकं घालणं, ओळखीच्याला बरोबर नेणं, वाक्य पाठ करून जाणं. त्यानं वेळ निभावते, पण ‘फोन होता म्हणून निभावलं’ एवढंच मन शिकतं. त्यांची काठी फोनच होता. पोहण्याच्या वर्गाच्या पहिल्या दिवशी तो पिशवीत ठेवायचा असं ठरलं, तरी दोनदा हातात आलाच. हरकत नाही, तेही लिहिलं.

अडीच महिन्यांनी जवळपास चाळीस गोष्टी करून झाल्या होत्या. त्यातल्या बहुतेक एकदा करून सोडून द्यायच्या लायकीच्याच होत्या, आणि त्यात काही गैर नाही. तीन टिकल्या : पोहणं आठवड्यातून दोनदा, त्या लहान सहकाऱ्याबरोबर बुद्धिबळ आणि जमिनीवर पाठ टेकून पडणं. पोहणं वाढलं तशा नव्या चिठ्ठ्या आठवड्याला दोनवर आणल्या. जे टिकलं त्याला वेळ द्यायचा तर रोजचं नवं कमी करावंच लागतं.

हा प्रयोग प्रत्येकानं लगेच करावा असं नाही. जवळचं कुणी नुकतंच गेलं असेल, घरात लहान बाळामुळे झोप तुटत असेल, परीक्षा तोंडावर असेल तर दिवसाचा जुना क्रमच आधार देतो, तो मोडू नये. बदलाचा फार त्रास होणाऱ्यांनी, उदाहरणार्थ स्वमग्न व्यक्तींनी, गोष्ट न बदलता तिचा एखादाच तपशील बदलून पाहावा. आणि नव्या कल्पनांचा एकाएकी पूर आला असेल, तीन-चार तास झोपूनही ताजंतवानं वाटत असेल, पैसा भराभरा जात असेल, तर चिठ्ठ्या बाजूला ठेवून मनोविकारतज्ज्ञांना भेटावं.

घरातली माणसं विचारतात, आम्ही काय मदत करू? रोज संध्याकाळी ‘आज काय नवीन?’ असं विचारू नका. त्या प्रश्नानं घरातच प्रेक्षक तयार होतात आणि गोष्टी पुन्हा फुगायला लागतात. सुटीच्या दिवशी चिठ्ठ्या लिहायला बसताना सोबत बसा, दोन-चार तुमच्याही टाका. त्यातल्या एक-दोन माणसांच्या गटातल्या असू द्या; तो गट स्वतःहून कुणी भरत नाही.