चिपाड, कर्ज आणि बारावीतली मुलगी

प्रश्न : करवीर तालुक्यात आमचं गुऱ्हाळ आहे. उसाच्या चिपाडापासून सेल्युलोज (वनस्पतींच्या तंतूंतला मूळ पदार्थ, ज्याचा कागद होतो) काढायचा प्रकल्प टाकतोय. चिपाड तर फुकटच आहे. यंत्रवाल्याला विसार दिलाय, जमिनीवर कर्जाचा अर्ज केलाय. मुलगी बारावी सायन्सला आहे, गणितात कच्ची. तिला केमिकल इंजिनिअर करून प्रकल्प तिच्या हाती द्यायचा आहे. कोर्स आणि कॉलेज सुचवा. – एक पालक

(खाली पेन्सिलीने : मॅडम, मी शाळेच्या प्रदर्शनात हा प्रयोग केला होता. दर वेळी सेल्युलोजचं वजन वेगळं यायचं. का, ते कळलं नाही.)

उत्तर : नमस्कार. कोर्सचं नंतर बघू. आधी तो कर्जाचा अर्ज थांबवा.

मुलगी आज बारावीत आहे. इंजिनिअरिंगची चार वर्षं धरा. ती पदवी घेऊन घरी येईपर्यंत कर्जाचे हप्ते तिच्या निकालाची वाट बघत बसणार नाहीत. म्हणजे प्रकल्प तुम्हाला हवाय, आणि तो चालला नाही तर दोष द्यायला घरात एक माणूस तयार ठेवताय. रागावू नका, पण पत्र वाचून मला हेच वाटलं. दोन पानांत मुलीला काय हवंय यावर तुमची एकही ओळ नाही. जी आहे ती तिनेच खाली पेन्सिलीने घातलीय, तीही बहुतेक तुम्ही पाकीट बंद करायच्या आत घाईघाईने. आपण नापास झालो तर जमीन जाईल, हे डोक्यात घेऊन पेपरला बसणारी मुलं मी पाहिली आहेत. येत असलेलं गणितही त्यांना त्या तीन तासांत सुचत नाही. ‘गणितात कच्ची’ हे तुम्ही तिच्यादेखत, पाहुण्यारावळ्यांसमोर किती वेळा म्हणता, तेवढं एकदा आठवून बघा.

आता ‘चिपाड फुकटच आहे’ हे वाक्य. गुऱ्हाळवाल्याने हे लिहावं याचं मला नवल वाटलं. मग काईलीखाली काय जाळता? वाळवलेलं चिपाडच ना? ते सेल्युलोजला दिलंत की चुलवाणासाठी जळण विकत आणावं लागेल, आणि तो खर्च यंत्रवाल्याच्या कागदावर कुठेच नसणार. साखर कारखान्यांचं गणितही हेच आहे, बगॅस, म्हणजे त्यांचं चिपाड, हेच त्यांच्या बॉयलरचं इंधन. तमिळनाडूत करूरजवळ टीएनपीएल या कंपनीची कागद गिरणी 1984 पासून बगॅसवर चालते. तिलाही साखर कारखान्यांकडून बगॅस घेताना बदल्यात इंधन किंवा वाफ द्यायची व्यवस्था करावी लागली. शिवाय चरकातून निघालेल्या चिपाडात साधारण निम्मं पाणी असतं. 100 किलो चिपाड म्हणजे कोरडा माल 50 किलो, त्यात सेल्युलोज जेमतेम 20-22 किलो, आणि तेही सगळं हाती लागत नाही.

उरलेलं जातं कुठे? चिपाड कॉस्टिक सोड्यात शिजवलं की लिग्निन, म्हणजे तंतूंना चिकटवून ठेवणारा पदार्थ, सुटतं आणि पाणी काळं होतं. यंत्रवाले व्हिडिओत सेल्युलोजची पांढरी पूड दाखवतात, हे पाणी दाखवत नाहीत. मोठ्या कागद गिरण्या ते आटवून बॉयलरमध्ये जाळतात आणि सोडा परत मिळवतात. तुमच्या शेडमध्ये ते होणार नाही. ते ओढ्याला जाईल, ओढ्यातून पंचगंगेला, आणि मग प्रदूषण मंडळाची नोटीस येईल. यंत्रवाल्याला एवढंच सांगा : आमचं चिपाड घ्या, आमच्यासमोर लगदा काढून दाखवा, मागे राहिलेल्या पाण्याचं काय करायचं ते लेखी द्या आणि पूड कोण घेणार त्याचं नाव सांगा. औषधाच्या गोळ्या बनवणाऱ्या कंपनीला मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज (शुद्ध केलेली बारीक सेल्युलोज पूड) लागतं हे खरं, पण प्रत्येक खेपेला अगदी तसंच्या तसं लागतं.

क्षेत्र खोटं नाही. मुंबईत माटुंग्याच्या सिरकॉट या कापूस संशोधन संस्थेत 2015 पासून नॅनोसेल्युलोजचा (अतिसूक्ष्म कणांच्या सेल्युलोजचा) प्रायोगिक प्रकल्प आहे, पण त्यांनी सुरुवात केली ती सरकीवरच्या आखूड तंतूंपासून, ज्यांत लिग्निन जवळजवळ नसतंच. तिथे एकदा जाऊन या. आणि गुऱ्हाळच वाढवायचं असेल तर कोल्हापूरचं ऊस व गूळ संशोधन केंद्र तुमच्या दारात आहे. चुलवाण सुधारून चिपाड वाचवणं, हा तुमच्या आवाक्यातला धंदा आहे.

कॉलेजचं म्हणाल तर एमएचटी-सीईटी द्यायची आणि मार्कांप्रमाणे मुंबईची आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था) किंवा जवळचं केमिकल इंजिनिअरिंग. नाहीतर रसायनशास्त्रात बी.एस्सी. आणि पुढे जॅम, म्हणजे आयआयटीत एम.एस्सी.साठीची प्रवेश परीक्षा. केमिकल इंजिनिअरिंगमध्ये रसायनापेक्षा गणित जास्त असतं, हे तिला आधीच सांगून ठेवा. पण निवड तिला करू द्या.

आणि पोरी, आता तुझ्यासाठी. प्रयोगाला बक्षीस मिळालं का, ते मी विचारणार नाही. वजन का बदलतं हा प्रश्न तुला पडला, यातच मला जास्त रस आहे. तू चिपाड ओलं तोललं असशील. सकाळच्या आणि दुपारच्या चिपाडात पाणी सारखं नसतं. आता आधी वाळव, तोल, पुन्हा वाळव, पुन्हा तोल. दोन वजनं सारखी आली की ते तुझं खरं वजन. कांड्याच्या आतला भुसभुशीत गर आणि बाहेरचे चिवट तंतू वेगळे कर, दोन्हींतून निघणारं सेल्युलोज सारखं नसतं. माती, वाळू धुऊन काढ, तीही वजनात येते. कॉस्टिक सोडा मात्र घरी उकळू नकोस, अॅल्युमिनियमच्या पातेल्यात तर मुळीच नाही, त्यातून हायड्रोजन निघतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, डोळ्यांना सुरक्षेचा चष्मा लावून, सरांना सांगून कर. बारावीची परीक्षा झाल्यावर केलंस तरी चालेल. आकडे आले की मला पाठव, आणि या वेळी पेनने लिही.