घरात अबोला, निरोप मात्र पोरांच्या हाती

प्रश्न : ताई, आम्ही निपाणीचे. सासऱ्यांची तंबाखूची वखार, बंगला, दोन गाड्या, पैशाला काही कमी नाही बघा. पण माझे मिस्टर आणि धाकटे दीर दोन वर्षं झाली एकमेकांशी बोलत नाहीत, खाली आम्ही वर ते, चुली वेगळ्या. मामंजी रोज कुणालातरी ऐकवतात की मृत्युपत्र बदलून टाकीन. मुलगा 14 वर्षांचा आहे, त्याला मामंजी 500 ची नोट देतात, वर काय चाललंय ते येऊन सांग म्हणून. परवा शाळेला जाताना त्यानं ड्रायव्हर मामांच्या अंगावर नोट फेकली, वर 'पगार कोण देतो तुला' असं बोलला. मामा 22 वर्षं आमच्याकडे आहेत ओ. त्यांनी नोट उचलून समोर काचेजवळ ठेवली आणि गाडी सुरू केली, एक शब्द बोलले नाहीत. मला रात्रभर झोप नाही. मुलगी 9 वर्षांची, ती फार शहाणी आहे, तिचं टेन्शन नाही, आजोबांची गाडी गेटात आली की स्वतःच टीव्ही बंद करते आणि मला येऊन सांगते, मम्मी आज मूड बरा नाही. मुलाला हॉस्टेलला टाकू का? मिस्टर म्हणतात श्रीमंताघरची पोरं अशीच असतात, मोठा झाला की सुधारेल.
— एक आई, निपाणी

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि मला जास्त काळजी तुमच्या मुलीची वाटली. मुलाचं बिघडणं दिसतंय तरी, ओरडून दिसतंय. 9 वर्षांचं पोरगं गाडीच्या आवाजावरून घराचा मूड ओळखतंय म्हणजे ते दिवसभर कान टवकारून बसलेलं असतं, खेळतानासुद्धा.

मी शहापूरची, विणकरांच्या गल्लीतली. आमच्याकडे पैसा नव्हता पण आजी आणि काकू बोलत नव्हत्या, निरोप्या मी. 'काकूला सांग दळण टाकलंय' एवढंच असायचं पण आजीचा सूर कडवट असायचा, मग मी तो जरा गोड करून सांगायची, आठ वर्षांची होते मी. अजून शेजारी भांडणाचा आवाज आला की पोटात गोळा येतो. फरक एवढाच की माझ्या आजीच्या हातात मृत्युपत्र नव्हतं. तुमच्याकडे आहे, त्यामुळे रुसवाफुगवा, माया, राग सगळ्याला रुपयांत किंमत लागलीय. मुलगा तेच शिकला की, खबर आणली तर 500, पगार देतो म्हणून मामांना बोलायचं. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ सुनिया लुथर यांनी 1990 नंतरच्या दशकात सधन घरांतली आणि गरीब वस्तीतली मुलं शेजारी ठेवून बघितली, तर चिंता आणि व्यसनं सधन मुलांत जास्त निघाली, आणि कारणांत एक होतं यशाचं प्रेशर, दुसरं आईवडलांशी तुटलेलं नातं. म्हणून 'मोठा झाला की सुधारेल' यावर बसून राहू नका.

हॉस्टेल आत्ता नको. त्याला वाटेल खबऱ्याचं काम संपलं म्हणून बाहेर काढलं, आणि मुलगी घरात एकटी पडेल.

आधी निरोप बंद करा. मिस्टरांना एकांतात सांगा, भावाशी बोलायचं नसेल तर मेसेज टाका, पोराला पाठवायचं नाही. मामंजींशी तुम्ही थेट बोलू शकणार नाही हे मला कळतं, तिथं मिस्टरांनीच बोलायला हवं, की आबा, खाऊला पैसे द्या पण खबरीला देऊ नका. ड्रायव्हर मामांची माफी आधी तुम्ही मागा, मुलासमोर. त्याला लगेच बोल म्हणून ढकलू नका, दोन दिवस जाऊ देत, मग मामांचा चहा त्याच्या हातानं जाऊ दे.

मृत्युपत्राची भीती अर्धी तरी न कळण्याची असते. कागद काढून वकिलाला दाखवा की कुठली मालमत्ता वडिलोपार्जित आणि कुठली मामंजींनी स्वतः कमावलेली. स्वतःची ते कुणालाही देऊ शकतात. वडिलोपार्जित असेल तर मृत्युपत्रानं फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो, त्यात मुलग्यांचा जन्मानं हक्क आहे आणि मुलींचाही, कर्नाटकात लग्न न झालेल्या मुलींना तो 1994 लाच मिळाला, देशभर 2005 ला. म्हणजे नणंदाही आल्या. हे दोन्ही भावांना कळलं की रोजची धमकी जरा तरी बोथट होईल.

मुलाची झोप, भूक, अभ्यास बिघडला असेल तर 14416 ला फोन लावा, टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात आणि कन्नडमध्येही.

हवाईतल्या कवाई बेटावर 1955 साली जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर यांनी कित्येक वर्षं मागोवा घेतला, त्यात घरची परिस्थिती फार वाईट असलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश चांगली उभी राहिली, आणि अशा बहुतेकांजवळ निदान एक तरी माणूस होतं ज्याच्या मायेला अट नव्हती. तुमच्या घरात ते माणूस तुम्ही आहात, आणि ड्रायव्हर मामाही असतील कदाचित.

मुलगी पुन्हा मूड सांगायला आली तर शाबासकी देऊ नका. तिला म्हणा, 'आजोबांच्या मूडचं मी बघते, तू तुझं कार्टून बघ.' आणि गाडी गेटात आली तरी टीव्ही चालूच राहू दे, तुम्ही तिच्याशेजारी जाऊन बसा.